कोळशाच्या इंजिनाबरोबर एक दिवस : कुटुंबासह वारसा रेल्वेची सहल कशी आखावी

मुलांना कोळशाच्या इंजिनाची गाडी दाखवायचं मनात आलं की आपण आधी तिकिटं शोधायला लागतो. माझ्या मते तिकिटाचा नंबर बराच नंतर लागतो. इंजिनाचा दिवस कसा जातो हे आधी समजून घ्यावं आणि मग त्याला आपला दिवस जोडावा. वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. ते पेटवावं लागतं, त्याला पाणी पाजावं लागतं, शेवटच्या स्टेशनावर गाडीपासून सोडवून दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं, संध्याकाळी त्याची राख काढावी लागते. ही कामं डोळ्यांनी बघायला मिळतील अशी आखणी केली, तर तासाभराच्या प्रवासाची दिवसभराची सहल होते. नाहीतर जुन्या डब्यात बसून गेलो आणि आलो, एवढंच पदरात पडतं.

माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून आम्ही वर्षातून एकदा तरी अशा गाडीने जातो, बऱ्याचदा आजी-आजोबांना घेऊन. पुढचं सगळं त्या फेऱ्यांतून शिकलेलं आहे.

पहिली पायरी : मार्ग निवडा, आणि तो किती लांब आहे ते बघा

वारसा रेल्वे, म्हणजे जतन करून चालवलेल्या जुन्या रेल्वे, दोन तऱ्हेच्या असतात. काही मार्ग कधी बंदच पडले नाहीत, ते आजही नियमित रेल्वेचा भाग आहेत. दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ पासून डोंगर चढते आहे. निलगिरीची गाडी १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. दोन्ही मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दुसऱ्या तऱ्हेचे मार्ग बंद पडल्यावर किंवा बंद पडायच्या बेतात असताना हौशी माणसांनी वाचवले. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे त्यांतली पहिली. पाटीचा दगड वाहून नेणारी ही अरुंद रुळांची गाडी स्वयंसेवकांनी हातात घेतली आणि १९५१ पासून चालवायला सुरुवात केली. इंग्लंडमधली ब्लूबेल रेल्वे त्याच वाटेने १९६० मध्ये सुरू झाली. पुढे देशोदेशी असे मार्ग उभे राहिले.

हा फरक आखणीच्या कामाचा आहे. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या गाड्या बहुधा शनिवार-रविवारी आणि शाळेच्या सुट्ट्यांत धावतात, आणि कित्येक मार्ग हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असतात. पण तिथली माणसं या कामाच्या प्रेमापोटी आलेली असतात. मुलांच्या दहाव्या प्रश्नालाही ती पहिल्याइतक्याच उत्साहाने उत्तर देतात.

आता लांबी. पाच वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर एका बाजूचा प्रवास तासाभराच्या आतला हवा, याबाबत मी फार आग्रही आहे. अमेरिकेतली डुरँगो ते सिल्व्हर्टन गाडी एका बाजूला ७२ किलोमीटर जाते आणि त्याला साडेतीन तास लागतात. मोठ्यांसाठी तो आयुष्यभर लक्षात राहील असा प्रवास आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला परतीची वाट असह्य होते. निलगिरीच्या गाडीलाही मेट्टुपालयमहून उटीपर्यंतचे ४६ किलोमीटर चढायला जवळजवळ पाच तास लागतात. याउलट दार्जिलिंग ते घूम आणि परत ही फेरी थांब्यांसकट साधारण दोन तासांत आटपते. नकाशावर अंतर कमी दिसलं म्हणून फसू नका. या गाड्या मुळातच सावकाश चालतात. ब्रिटनमधल्या बहुतेक वारसा मार्गांवर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. अंतर सोडा, वेळ बघा.

दुसरी पायरी : त्या दिवशी इंजिन खरंच वाफेचं आहे ना?

या पायरीवर आम्ही एकदा सपशेल आपटलो. कडक उन्हाळ्याचे दिवस, मुलगी चार वर्षांची, आदल्या रात्रीपासून घरभर शिट्ट्या वाजवत फिरणारी. स्टेशनात पोचलो तर फलाटाला डिझेल इंजिन उभं. गवत वाळून कोळ झालं होतं, धुरांड्यातून उडालेल्या ठिणगीने वणवा लागू नये म्हणून आठवडाभर वाफेची इंजिनं शेडमध्येच ठेवली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सूचनाही लावलेली होती, मी ती वाचली नव्हती. मुलगी मात्र वळणावळणावर धूर शोधत राहिली.

तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारल्याशिवाय तारीख ठरवत नाही. त्या दिवशीची त्या वेळेची गाडी वाफेवर चालणार आहे का? एकाच दिवशी काही फेऱ्या वाफेच्या आणि काही डिझेलच्या, असं सर्रास असतं. दार्जिलिंगच्या फेऱ्यांतही दोन्ही प्रकार आहेत आणि तिकीट काढतानाच निवड करावी लागते. दुसरं, पूर्ण मार्गावर वाफेचंच इंजिन आहे का? निलगिरीत मेट्टुपालयम ते कुन्नूर या टप्प्यावर, जिथे खड्या चढाला इंजिनाच्या दातेरी चाकासाठी मधोमध दातेरी रूळ आहे, वाफेचं इंजिन असतं, आणि कुन्नूरला ते बदलून पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं. फक्त कुन्नूर ते उटी एवढाच टप्पा घेणाऱ्यांना वाफेचं इंजिन मिळतच नाही. तिसरं, कोरड्या हवेमुळे ऐनवेळी इंजिन बदललं तर कुठे कळेल? हा शेवटचा प्रश्न आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, असा दोनदा तपासा.

वेळापत्रक पहिल्यांदा बघाल तेव्हा गोंधळायला होईल. बऱ्याच वारसा रेल्वेंचं एकच वेळापत्रक नसतं. वर्षाच्या कॅलेंडरवर निरनिराळ्या रंगांचे दिवस असतात आणि प्रत्येक रंगाचं वेळापत्रक वेगळं असतं. आधी आपल्या तारखेचा रंग बघायचा, मग त्या रंगाचा तक्ता. पांढरा दिवस म्हणजे बहुधा गाडीच नाही.

आणि हवामान? लोक लख्ख उन्हाचा दिवस शोधतात. मला थंड, दमट दिवस आवडतो. वाफ मुळात दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो पांढरा ढग म्हणजे गार हवेत येऊन वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. हवा जितकी थंड, तितका ढग दाट आणि रेंगाळणारा. जर्मनीत हार्झ पर्वतातल्या ब्रॉकेन शिखरावर हिवाळ्यातही वाफेच्या गाड्या जातात, तेव्हा बर्फातून वर चढणारी ती पांढरी शेपटी मैलभरावरून दिसते.

सणासुदीच्या खास गाड्या, नट्टापट्टा केलेली इंजिनं, जत्रेसारखी गर्दी असलेले दिवस पहिल्या भेटीसाठी टाळा. साध्या दिवशी इंजिनाजवळ उभं राहायला जागा मिळते, आणि ड्रायव्हरला बोलायला उसंत असते.

तिसरी पायरी : वेळापत्रक शेवटाकडून वाचा

परतीची शेवटची गाडी कितीची आहे हे पहिल्यांदा लिहून घ्या. तिच्या आधीची गाडी ही आपली परतीची गाडी समजा. म्हणजे कुणाचं पोट दुखलं, कुणी झोपलं, कुणाचा बूट हरवला, तरी हातात एक गाडी शिल्लक राहते. तिथून मागे मागे येत सकाळ ठरवा.

शक्य असेल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि तिच्याही पाऊण तास आधी स्टेशनात हजर व्हा. आपण पोचतो तेव्हा त्या इंजिनाचा दिवस केव्हाच सुरू झालेला असतो. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला तासन्‌तास लागतात. घाईने तापवलं तर बॉयलरचे पत्रे आणि नळ्या कमीजास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. म्हणून भट्टी पहाटे, मोठ्या इंजिनात तर आदल्या दिवशीच, धीम्या आचेवर पेटवतात. आपण पोचेपर्यंत फायरमनने, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याने, निखाऱ्यांचा थर नीट पसरलेला असतो आणि ड्रायव्हर तेलाची लांब चोचीची झारी घेऊन चाकांमध्ये वाकलेला असतो. मुलांना हे बघू द्या. दिवसातली ही सर्वांत शांत वेळ असते.

मग शेवटच्या स्टेशनापर्यंत सलग जा, तिथे इंजिन बाजू बदलताना बघा आणि येताना मधल्या एखाद्या स्टेशनात उतरा. शेड, छोटं संग्रहालय किंवा बसून डबा खाण्याजोगी झाडाखालची जागा असेल असं स्टेशन निवडा. पुढच्या गाडीने उरलेला प्रवास करा. असं उतरणं-चढणं करायचं तर दिवसभर चालणारं तिकीट आहे का ते विचारा. साध्या परतीच्या तिकिटावर काही ठिकाणी मधे उतरता येत नाही.

चौथी पायरी : तिकीट काढताना विचारायचं ते

आगाऊ तिकीट काढाच. विचारण्यासारखं एवढंच : जागा ठरावीक मिळते की डब्यात जाऊन धरायची? बाबागाडी घडी करून गार्डच्या डब्यात ठेवावी लागेल का? जुने डबे उंच आणि दारं अरुंद असल्यामुळे चाकाची खुर्ची बहुधा एखाद्याच खास डब्यात चढते. अशी गरज असेल तर काही दिवस आधी बोलून ठेवा, ऐनवेळी तो डबा गाडीला जोडलेला नसतो. गाडीत स्वच्छतागृह आहे का, हेही विचारा. अनेक छोट्या गाड्यांत नसतं. मग फलाटावर गाडी यायच्या आधी सगळ्या मुलांना एकदा घेऊन जायचं, "मला नाही लागली" म्हणणाऱ्याला तर आधी.

पाचवी पायरी : कपडे आणि पिशवी

पांढरे कपडे घरी ठेवा. धुरातून कोळशाची बारीक कणी उडते आणि ती खांद्यावर, केसांत, मांडीवर येऊन बसते. कृत्रिम धाग्याच्या झुळझुळीत कापडाला गरम कणी लागली तर बारीक भोक पडतं, म्हणून सुती कपडे बरे. पायात बंद बूट. तान्ह्या बाळासाठी आणि आवाजाला बिचकणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे हेडफोन जरूर घ्या, कारण शिटीपेक्षाही सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की वाफ सोडणारी झडप) अचानक उघडला की होणारा फूत्कार मुलांना जास्त घाबरवतो. ओला रुमाल, पिण्याचं पाणी, डोळे धुवायला वेगळी छोटी बाटली. बाकी नेहमीचं.

सहावी पायरी : फलाटावर काय बघायचं

ही पायरी मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण सहलीचा जीव इथे आहे.

सुरुवात आवाजापासून करा. थांबलेलं इंजिनसुद्धा गप्प नसतं. आत पाणी खदखदत असतं, कुठूनतरी बारीक सुस्कारा येत असतो, मधूनच पंपासारखी टकटक. गरम तेल, वाफ आणि कोळशाचा धूर यांचा मिळून जो वास येतो तो दुसऱ्या कशालाच येत नाही. आमच्या आजोबांनी डोळे मिटून तो वास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

गाडी सुटताना पुढच्या चाकांपाशी लक्ष ठेवा. थांबलेल्या वेळात सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं. पाणी दाबून आक्रसत नाही, त्यामुळे ते आत राहिलं तर पिस्टन त्याच्यावर आदळून सिलिंडर फुटू शकतो. म्हणून ड्रायव्हर खालच्या तोट्या उघडतो आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वाफेचे फवारे सुटतात. फलाटावरची पिवळी रेघ अशा वेळी किती कामाची आहे ते कळतं. मुलांना एक गोष्ट तिथेच दाखवा : तोटीच्या तोंडाशी जिथे काहीच दिसत नाही, तिथे खरी वाफ असते आणि ती सर्वांत गरम असते. पांढरा ढग त्याच्या पुढे सुरू होतो. "धूर दिसत नाही म्हणजे हात लावायला हरकत नाही" हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला याहून चांगली जागा नाही.

मग गाडी हलली की मोजायला लावा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार 'झुक' होतात : दोन सिलिंडर, आणि प्रत्येकाला वाफ पुढून आणि मागून आळीपाळीने ढकलते. चाकावर एक खूण डोळ्यांनी धरायची आणि ती वर येईपर्यंत मोजायचं. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत सहज मोजता येतं, पुढे जीभ मागे पडते. माझ्या मुलीने हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा चाराचा पाढा तिला गाडीतच पाठ झाला.

शेवटच्या स्टेशनात मात्र अजिबात रेंगाळू नका. गाडी थांबताच इंजिनाकडे चला, कारण सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामध्ये एक जण उतरतो. ड्रायव्हर इंजिन जरासं मागे दाबतो, बफर (टोकांचे धक्का झेलणारे दांडे) एकमेकांवर दाबले जातात, कपलिंग, म्हणजे दोघांना जोडणारी साखळी, सैल पडतं. खालचा माणूस स्क्रू फिरवून जड साखळी आकड्यावरून उचलतो. व्हॅक्युम ब्रेकचा पाइप सोडला की हवा आत शिरते आणि लांबलचक 'सुऽऽऽ' ऐकू येतो. तो बाहेर येऊन हात वर करतो, मगच इंजिन हलतं. पुढे जाऊन थांबतं, रुळांचे सांधे बदलतात, आणि शेजारच्या रुळावरून सगळी गाडी ओलांडून ते दुसऱ्या टोकाला येतं. मधे पाण्याच्या खांबापाशी थांबलं तर कातडी किंवा कापडी सोंड टाकीत सोडून पाणी भरतात, आणि टाकी काठोकाठ भरली की पाणी बाहेर सांडतं. सगळी मुलं या क्षणाला ओरडतात.

परतीच्या वाटेवर इंजिन उलट्या तोंडाने चाललंय असं दिसेल. डोंगरी मार्गांवर ते मुद्दाम असतं. बॉयलरमधल्या पाण्याखाली भट्टीचं छत कायम बुडालेलं राहायला हवं. ते उघडं पडलं तर धातू तापून मऊ पडतो, आणि वाफेच्या इंजिनाला याहून मोठा धोका नाही. म्हणून इंजिनाचं धुरांडं बहुधा चढाच्या बाजूला ठेवतात आणि फिरवून घेत नाहीत. निलगिरीत तर इंजिन कायम उताराच्या टोकाला असतं आणि चढताना गाडी मागून ढकलतं. कपलिंग तुटलं तरी डबे त्याच्या अंगावर येऊन थांबावेत, हा त्यामागचा विचार.

एकेरी मार्ग, म्हणजे दोन्ही दिशांना एकच रूळ, असेल तर अजून एक गोष्ट हेरा. स्टेशनमास्तर किंवा सिग्नल केबिनमधला माणूस ड्रायव्हरला हातात काहीतरी देतो, कधी कडी, कधी दांडा. ते टोकन. त्या टप्प्याचं टोकन ज्याच्याकडे, तोच त्या रुळावर जाऊ शकतो, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे एकदा समजलं की प्रत्येक स्टेशनात ते टोकन शोधत बसतं.

ड्रायव्हर-फायरमनशी बोलायचं तर गाडी सुटायच्या आधीची पाच मिनिटं सोडून द्या, तेव्हा त्यांचं लक्ष बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर आणि दाबाच्या काट्यावर असतं. इंजिन बाजू बदलून परत जोडलं गेलं की ते मोकळे असतात. प्रश्न मुलांना विचारू द्या. "आत डोकावू का?" असं मुलाने स्वतः विचारलं तर नकार क्वचितच मिळतो. पण बोलावल्याशिवाय पायरीवर चढायचं नाही.

सातवी पायरी : डब्यात

आवाज हवा असेल तर इंजिनामागचा पहिला डबा. तान्हं बाळ किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर शेवटचा. वळणांवर इंजिन बघायचं तर मधल्या-मागच्या डब्यात, वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी, आणि ती बाजू कोणती हे गार्ड आनंदाने सांगतो. बोगद्याआधी काचा वर ओढा, नाहीतर सगळा धूर डब्यात शिरतो आणि पुढची दहा मिनिटं जात नाही.

डोकं आणि हात आत. जुन्या मार्गांवर बोगद्याची भिंत, सिग्नलचा खांब, झाडाची फांदी डब्याच्या फार जवळून जाते. काही जुन्या डब्यांच्या दाराला आतून कडीच नसते, खिडकी खाली करून बाहेरची मूठ फिरवावी लागते. असं दार मुलांच्या हाती द्यायचं नाही. गाडी पूर्ण थांबल्यावर मोठ्यांनी उघडायचं, आणि लावताना बिजागरीकडे कुणाची बोटं नाहीत ना ते बघायचं.

डोळ्यात कणी गेली तर चोळू नका. मूल रडत असेल तर रडू द्या, अश्रू तेच काम करतात. नाहीतर बाटलीतलं स्वच्छ पाणी आतल्या कोपऱ्याकडून बाहेर वाहू द्या. तरीही सलत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आठवी पायरी : गाडी पोचल्यावर

सगळे दमलेले असतात, पण मुलं अजून तग धरून असतील तर वीस मिनिटं थांबा. दिवसाच्या शेवटच्या फेरीनंतर इंजिन शेडकडे जातं. तिथे भट्टीतला जळका लगदा आणि राखपेटीतली राख ओढून काढतात, धुरांड्याखालचं गोल दार उघडून आत साठलेली काजळी फावड्याने बाहेर टाकतात, बॉयलरमध्ये रात्रीपुरतं पाणी भरून ठेवतात. लोकांना प्रवेश असलेल्या कठड्याबाहेरून हे दिसत असेल तर जरूर बघा. सकाळी झारी घेऊन वाकलेला माणूस आता कोपरापर्यंत काळा झालेला असतो, आणि मुलांनी हात हलवला की तोही फावडं ठेवून हात हलवतो.

घरी गेल्यावर कपडे लगेच पाण्यात टाकू नका. काजळी ओली झाली की धाग्यात मुरते. आधी बाहेर नेऊन कोरडेच जोरात झटका, मग वेगळे भिजवा. केस मात्र त्याच रात्री धुवा, नाहीतर उशीचा अभ्रा सकाळी सगळं सांगतो.